तिसऱ्या रकान्यातलं नाव

शनिवार, १४ मार्च

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. जिन्यावरचा दिवा अखेर बदलला. खालच्या काकूंची मांजर व्यायली, तिची चार पिल्लं आमच्या दाराशी असतात, आणि तुझे भाऊजी "पाळायची नाहीत हं" असं बजावत बशीत दूध ओततात. तीन वर्षांनी पत्र लिहायचं आणि मांजराचं सांगत बसायचं, हसशील. मुद्द्यावर यायचा धीर होत नाही, एवढंच.

मी हल्ली सरकारच्या औषध-देखरेख कक्षात आहे. व्यसन सोडवण्यासाठी जिभेखाली ठेवायची तुमची ती गोळी कोणी लिहून दिली, कुठल्या दुकानाने दिली, सगळं आमच्या संगणकावर येतं. एकाच माणसाला महिन्याभरात दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मिळाल्या की त्याची ओळ लाल होते. मग आम्ही दवाखान्यांना फोन करून खरंखोटं बघायचं आणि ओळ मोकळी करायची. तोवर दुकानदार गोळी देऊ शकत नाही.

या सोमवारी लाल ओळीत तुझं नाव आलं.

नात्यातला माणूस असेल तर प्रकरण शेजारच्या टेबलावर द्यायचं, असा नियम आहे. मी दिलं नाही. शेजारच्या बाईंना कळलं असतं, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कक्षाला. मला तुझी लाज वाटली. दवाखान्यांना फोनही केला नाही. दोन डॉक्टर दिसले आणि मला आईचं कपाट आठवलं. तिच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची पाकिटं, तू आतून रिकामी करून पुन्हा नीट चिकटवलेली. 'हा काही सुधारायचा नाही' असं म्हणून मी तुझा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

गुरुवारी तुमच्या औषधवाल्यांचा फोन आला, नेमका माझ्याच टेबलावर.

"मॅडम, चार दिवस झाले. हा माणूस रोज दुकान उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसतो. घामाने थबथबलेला, हात थरथरतायत, पण आवाज चढवत नाही. 'आलं का उत्तर?' विचारतो. नाही म्हटलं की 'बरं, उद्या येतो' म्हणून जातो. अहो, त्याचे नेहमीचे डॉक्टर रजेवर आहेत. म्हणून त्यांच्या जागी बसणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. एक फोन केला असता तरी कळलं असतं तुम्हाला."

मी तो फोन केला. दोन मिनिटांत ओळ मोकळी झाली. मग तुझ्या मागच्या नोंदी उघडल्या. चौदा महिने. दर पंधरवड्याला हजर, एकही खाडा नाही, एकही गोळी जास्तीची नाही. हे सगळं सोमवारीही तिथेच होतं, मी बघितलंच नव्हतं. मला रडू आवरेना. शेजारच्या बाई पाणी घेऊन धावत आल्या. "माझा भाऊ आहे," मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

त्या चार दिवसांत तुझं काही बरंवाईट झालं असतं, किंवा तू पुन्हा जुन्या वाटेला लागला असतास, तर 'मी म्हटलंच होतं' असं मीच सगळ्यांना सांगत सुटले असते. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

काल साहेबांना लेखी कळवलं. ते म्हणाले, "पेशंटची तक्रार नसेल तर समज देऊन मिटवू." मला असं मिटवायचं नाही. सोबत तक्रारीचा अर्ज आहे. मीच भरलाय, अक्षर ओळखशील. तिसऱ्या रकान्यात जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव लागतं, तेही लिहिलंय. फक्त तुझी सही हवी. माझी दया येऊन थांबू नकोस. नोकरी गेलीच तर मांजरं सांभाळीन.

तुझा पत्ता संगणकात होता, पण उतरवून घेतला नाही. एवढा तरी नियम पाळला. पत्र औषधवाल्यांच्या हाती देतेय.

आमचं घर तेच आहे. कधी यावंसं वाटलं तर ये, सही केली असलीस तरी ये. पण पायरीवर बसून राहू नकोस, बेल वाजव.

तिसऱ्या रकान्यातली,
तुझी ताई