मुद्दाम केलेली एक चूक

आजोबा,

निवृत्तीनंतर नातवाजवळ राहायचं म्हणून तुम्ही आमच्याकडे आलात, तेव्हा घरात सर्वांत जास्त मीच नाचलो होतो. पण छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासलीत, म्हणून माझं प्रेमपत्रही तपासायचं? वर लाल शाईने ‘पाल्हाळ वगळा’ असं लिहून ते थेट तिच्याच हातात द्यायचं? तिने सूचना लगेच पाळली. मलाच वगळलं.

मी चार दिवस मावशीकडे जातोय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

आणि हो, या चिठ्ठीत मी मुद्दाम एक चूक केली आहे. ती सापडेपर्यंत तुम्हाला झोप लागणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. चष्मा पुसून बसा. आल्यावर सांगेन, चूक होती की नव्हती.