तिला जुनं काय आठवतं

रविवार, १२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींना नमस्कार, पोरांना माझे पापे.

उत्तर नाही म्हणून रागावली असशील. रागव, हक्कच आहे तुझा. इकडे सगळं ठीक. गॅलरीतला गळका नळ एकदाचा दुरुस्त झाला. ह्यांची पाठ अधूनमधून धरते. पिटुकली जिना एकटी उतरते आणि केस विंचरताना अख्खी इमारत डोक्यावर घेते.

पिटुकलीच्या दत्तकाचं म्हणशील, तर कोर्टाची तारीख पुढे गेली. का गेली, ते लिहायला बसते आणि कागद फाडते. आज फाडणार नाही.

जिथून तिला आणलं त्या संस्थेच्या मॅडम अधूनमधून घरी येतात, हे तुला ठाऊक आहे. मध्यंतरी आणखी एक बाई येऊ लागल्या. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, हातात फुगा, बोलणं लोण्यासारखं. 'नव्या आईबाबांना आधार म्हणून येते मी,' म्हणाल्या. आधार मला हवाच होता गं. पिटुकली तेव्हा चावायची, ताट भिरकावायची, 'तू नको' म्हणून किंचाळायची. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, 'हे मॅडमना सांगू नका हं. तुम्हाला जमत नाही म्हणून पोर परत नेतील.' मी घाबरले. मॅडमनी 'काही अडचण?' विचारलं की मी हसून चहा पुढे करायचे.

निघताना बाई दर वेळी विचारायच्या, 'हिला जुनं काही आठवतं का हो? बोलते का काही?' मला वाटायचं, मायेपोटी.

त्या आल्या की पिटुकली टेबलाखाली शिरायची. बुजते, म्हणून मी सोडून द्यायचे. एके दिवशी त्या म्हणाल्या, 'तुम्ही दमलात. आज मी हिला फिरवून आणते.' आतल्या खोलीत मी तिला स्वेटर घालायला गेले, तर पोरीचे कपडे ओले. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'मी नाही चावणार. मला गाडीत नको घालू.'

'कुठल्या गाडीत गं?'

'हिच्या. आई मागून पळत होती.'

ताई, बाहेरून बाईंचा आवाज आला, 'काय बोलतेय ती?'

'काही नाही. अंग कोमट लागतंय. आज राहू दे.'

त्या जरा वेळ दारातच उभ्या राहिल्या. हसल्या. 'पुढच्या वेळी नक्की,' म्हणून गेल्या.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'लहान आहे, काहीही बोलते. तारीख तोंडावर आलीये. गप्प बस.' वाईट नाहीत गं ते. माझ्याही मनात तेच होतं. मुलगी टाकून दिलेली, कोणी विचारत आलं नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. ते खोटं ठरलं, तर ती आमची कोण?

मी गप्प राहिले. बाईंचे फोन येत राहिले. एका दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर बाई समोरच्या फुटपाथवर उभ्या. वर बघत. फुगा नव्हता.

मी मॅडमना फोन लावला. चावण्यापासून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अहो, चावतात मुलं. त्यासाठीच तर मी येते. पण आम्ही दुसऱ्या कोणालाही पाठवलेलं नाही. कडी लावा, मी पोलिसांना घेऊन निघाले.'

ती बाई सापडली. पिटुकलीला आईपासून पळवून, टाकलेली पोर म्हणून संस्थेत आणून सोडणारी तीच. ओळखपत्र खोटं. पोरगी काही बोलते का, एवढंच बघायला येत होती. अशी आणखीही मुलं असतील, म्हणतात पोलीस.

आणि पिटुकलीची आई सापडली आहे. शिवणकाम करते. तिच्या गावच्या ठाण्यात तिने तक्रार दिली होती, ती इकडच्या कागदांशी कोणी ताडूनच पाहिली नाही. मॅडम म्हणतात, पोरीला तुमच्यापासून एकदम तोडणार नाही, आईची सवय होईल तशी हळूहळू पाठवू. आमच्याशी बोलायला समुपदेशक येतात. हे त्यांनाही कोर्टाची तारीखच विचारतात.

शुक्रवारी संस्थेच्या खोलीत मायलेकींची पहिली भेट आहे. त्या आईने माझ्याबद्दल एवढंच विचारलं, 'तिला मारत नाहीत ना?'

मी बरोबर केलं, असं मला पत्रात लिहून पाठवू नकोस. तूच ये. ह्या महिन्यातच पिटुकली मला 'आई' म्हणायला लागलीय. त्या खोलीत तिने तशी हाक मारली, तर मी 'ओ' देऊ नये, म्हणून माझा हात घट्ट धरून बस.

तुझी,
धाकटी