हिरव्यानंतर पिवळा

२ जानेवारी, सकाळ
संताप! कॉलेजच्या ॲपवर नवा व्हिडिओ आला आहे. पांढरा कोट घातलेली एक मुलगी माझी कविता म्हणते आहे. सर्किटमधल्या रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांची. काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे नऊ, मधले सगळे रंग ओळीने. खाली संस्थेचं नाव, ‘सर्व हक्क राखीव’. माझं नाव नाही.
सव्वीस वर्षांपूर्वी लिहिली होती. दावणगेरेतली पोरं पट्टे विसरायची, म्हणून आमच्या या पॉलिटेक्निकच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या दहा मिनिटांत. मी कन्नडचा मास्तर. माझ्या तासाला पोरं झोपतात, पण ही कविता झोपेतही म्हणतात. एकतीस तारखेला निवृत्त होतोय. मागे राहणार ती एवढीच.
निश्चय : नाव लागेपर्यंत कॉलेजचा चहा घेणार नाही.

२ जानेवारी, दुपार
चहा घेतला. शिपायाने आधीच ओतला होता. दुधाचा अपमान नको.

४ जानेवारी
प्राचार्य हालेशप्पांना भेटलो. त्यांनी एक पुस्तिका काढली, ‘कर्मचाऱ्यांच्या बौद्धिक संपदेचे हक्क व जबाबदाऱ्या’. पान नऊ : नोकरीत असताना कामासाठी जे केलं, ते संस्थेचं. म्हणाले, सर, याच्याखाली तुमची सही आहे, गेल्याच आठवड्यातली. ती सही मी नव्या वर्षाची डायरी मिळाल्याची समजून केली होती. (हीच ती डायरी.) ते म्हणाले, खडू कॉलेजचा, फळा कॉलेजचा, वेळही कॉलेजचीच. मी म्हटलं, आणि श्वास? म्हणाले, चहा घ्या.
निश्चय : कोर्ट. वेळ पडली तर दिल्लीपर्यंत.

५ जानेवारी
बायकोला, नीलम्माला सांगितलं. ती म्हणाली, तीन पुस्तकांवर छापलंय की तुमचं नाव, तिन्ही माळ्यावर आहेत. आता चौथं कुठे ठेवू? हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. दिल्लीला जाताना बरोबर नेणार नाही.

९ जानेवारी
सात पानी अर्ज दिला, वृत्तबद्ध. मागण्या दोन. एक, नाव मोठ्या अक्षरांत. दोन, कवितेतलं एक अक्षरही कुणी बदलायचं नाही. पुस्तिका आता पूर्ण वाचली. पान अकरावर हा हक्क लेखकाला दिलेला आहे. कोर्टाचं तूर्त थांबवलं. सर्दी आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
तिप्पेस्वामी तीळगूळ घेऊन आला. इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा त्याच्याकडे, आणि हक्कांची नवी समितीही त्याच्याच गळ्यात. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, सर, रागावू नका. तुमच्या कवितेत हिरवा आधी येतो, मग पिवळा. खरं उलट आहे. पिवळा चार, हिरवा पाच.
मी म्हटलं, पान आधी हिरवं असतं, मग पिवळं पडतं. आमच्या शाळेत बसवय्या मास्तर आम्हाला झाडाखाली बसवून कविता शिकवायचे, तेव्हापासून पाहतोय.
तो म्हणाला, पानाचं बरोबर आहे सर. पण रेझिस्टरला पानगळ नसते. दर बॅचला मी सांगतो, सरांचं गाणं म्हणा, फक्त तिथे उलटं करा. तरी दर वर्षी चार-पाच जण काहीतरी जाळतातच. दोन शब्द बदलू द्या, उद्या तुमचं नाव लावतो.
सव्वीस वर्षं माझ्या पाठीमागे माझी कविता उलटी केली! गोड बोलायचा सण म्हणून गप्प बसलो. तो गेल्यावर नीलम्मावर ओरडलो.

१६ जानेवारी
ग्रंथालयात इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक उघडलं. पिवळा आधी. छपाईची चूक. दुसरं उघडलं. तेच. छापखाना एकच असावा. तिसरं मद्रासचं निघालं. चौथं उघडलं नाही.

२० जानेवारी
विजय! प्राचार्यांचं पत्र : संस्था कवितेवरचा सर्व हक्क सोडत आहे. सोबत एक फॉर्म. पान बारा : हक्क ज्याचा, मजकूर अचूक असण्याची जबाबदारीही त्याचीच. गावाच्या नावासकट झोकदार सही ठोकली.

२३ जानेवारी
ॲपवरून व्हिडिओ काढला. उत्तम. पण प्रयोगशाळाही गप्प. तिप्पेस्वामीला जाब विचारला. म्हणाला, तुमची मालमत्ता आहे सर, लेखी परवानगीशिवाय कसं म्हणायचं? मी म्हटलं, दिली परवानगी. त्याने विचारलं, शब्द बदलून? मी म्हटलं, शक्य नाही. म्हणाला, मग राहू द्या.
बघू किती दिवस तग धरतात. पोरंच येतील पाया पडायला.

२७ जानेवारी
कुणी आलं नाही. दोन पोरं जिन्यात भेटली. स्टँडकडे जाणाऱ्या बसची वेळ विचारून गेली.

२९ जानेवारी
विचारांती लक्षात आलं, कोवळं पान पिवळसरच असतं. हिरवं नंतर होतं. म्हणजे निसर्गाला दोन्ही मंजूर. तिप्पेस्वामीला लेखी कळवलं : दोन शब्दांची अदलाबदल करण्यास कवीची हरकत नाही. ही माघार नव्हे. संस्करण.
त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग खाली मान घालून म्हणाला, सर, आधी सांगायचंत. पोरांना दुसरं पाठ झालंय. मीच जुळवलं, जमेल तसं.
‘जमेल तसं’! याला मात्रा म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? उद्या निरोप समारंभात सगळ्यांसमोर सुनावणार.

३० जानेवारी
समारंभ परवाचा आहे. हस्तलिखित भाषण तयार, अकरा पानं. शेवटची तीन अंगार आहेत.

३१ जानेवारी
समारंभ आजच होता. नीलम्माने हाताला धरून नेलं. शाल, हार, लोण्याचे बेण्णे दोसे. भाषण घरी राहिलं. मग माझ्या सन्मानार्थ तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी प्रयोगशाळेतलं गाणं म्हटलं. त्यांचं नवं. खड्ड्यांतून जाणाऱ्या बैलगाडीसारखं. यमक कुठेही नाही. पोरं मात्र जीव तोडून म्हणत होती.
रंग सगळे बरोबर होते. टाळ्या वाजवल्या.