गोपिकाचा पानमळा

५ जानेवारी, धरमपेठ
पेपरात गोपिकाचा फोटो! माझ्या भावाची, विक्कीची बायको. रामटेकच्या आमच्या पानमळ्यात उभी, हातात विड्याची कपुरी पानं. खाली मोठ्या अक्षरात — गावाचा जुना धंदा जगवणारी सून. ऑफिसात मिनलने सगळ्यांना दाखवला. तुमचंच माहेर ना, विचारत होती. हो म्हणाले. डबा तसाच परत आणला.

६ जानेवारी
राग जात नाही. त्या घरची मुलगी मी. बाईची सावली पडली की वेल जळते म्हणून बाबांनी मला मळ्यात कधी पाऊल टाकू दिलं नाही. कुंपणाबाहेर बसून पानं निवडायची, बस. पुढे भूगोलात एम.ए. केलं, प्रबंध लिहिला तोही रामटेकच्या तलावांवर आणि पानमळ्यांवर — सगळं बाहेरून बघून. आणि ही उमरेडहून लग्न होऊन आली, तर हिला आख्खा मळा! सुनेची सावली चालते म्हणजे.

११ जानेवारी
रामटेकला जाऊन आले. राहवलंच नाही.
नागपूरहून गाडी भरून लोक आले होते. गोपिका त्यांना मळ्यात फिरवत होती. बाहेर ऊन, आत त्या वेलींखाली गारवा असणार. मला काय माहीत! मग सगळ्यांना अंबाळा तलावावर नेलं, पक्षी दाखवले, घरी आणून झुणका-भाकर वाढली. एक बाई मला म्हणाली, किती भाग्यवान हो तुमची वहिनी. हसले. दात दुखले हसून.
बाबा अंगणात बाजेवर, मळ्याकडे पाठ करून. उन्हामुळे असेल.
निघताना विक्कीने बाजूला घेतलं. रिसॉर्टवाला जमीन मागतोय. "बाबा तयार आहेत. वडिलोपार्जित आहे, तुझी सही लागते, ताई. गोपिकाले अजून सांगितलं नाही."

१२ जानेवारी
विक्कीला फोन करून हो म्हटलं. काय गार वाटलं जिवाला!

१७ जानेवारी
गोपिका आली. एकटी, बसने. तिला कळलं होतं. वाटलं रडेल, पाया पडेल. मी तयारच होते. रडली नाही. नुसती म्हणाली, सही करू नका. चहाला हात लावला नाही.
मग माझ्याच तोंडून निघालं — तुझं काय, तुला बाबांनी लाडाने मळा दिला.
ती बघतच राहिली.
"कोणं देल्ला, ताई? मी विचारलंच नाही. ह्यांनी काम सोडलं, वेल सुकून राहिले होते, मी शिरली आत. तवापासून मामाजी माझ्या हातचं पाणी पेत नाहीत."
मामाजी म्हणजे बाबा. तीन वर्षं झाली म्हणे! मला कोणी सांगितलं नाही.
ती गेली. मी तशीच बसून. वाटलं होतं आता जळणं थांबेल. उलट वाढलं. मळ्यासाठी नाही. ती न विचारता शिरली, यासाठी.

१९ जानेवारी
विक्कीचे फोन. उचलले नाहीत.

२५ जानेवारी, रामटेक
सही करणार नाही, विक्कीला तोंडावर सांगितलं. तो ओरडला. मग बाबांच्या देखत मळ्यात शिरले. गोपिकाने एक वेल बांधायला दिली. बाबा उठून निघून गेले.
मी नाही गेले.