पंधरावं नाव

देवास, ४ जुलै १९९८

ती. दादांस बकुळाचा शि. सा. न. वि. वि.

मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही, थोडक्यात लिहिते. माझ्या सरकारी हायस्कुलात नववीच्या पटावर बेचाळीस मुलं, पण मराठी घेतलेली चौदाच. वरून फर्मान आलंय, ३१ जुलैपर्यंत पंधरा भरली नाहीत तर मराठीचा वर्ग बंद. आपल्या लोकांची पोरं इंग्रजी शाळांत पळाली. ही चौदा म्हणजे दोन बँकवाल्यांची आणि बारा उदयनगरकडची आदिवासी, एक सोडून सगळी छात्रावासात राहणारी.

तुम्ही दर गणेशोत्सवात धारला माईकवर मराठी वाचवा म्हणून गळा काढता ना? मग तुमची नववीतली नात कृतिका वर्षभर माझ्याकडे पाठवा. एकच नाव कमी आहे हो!

तुमची बहीण,
बकुळा

धार, ११ जुलै

चि. बकुळास अ. आ.

पत्र वाचून डोकं फिरलं. कृतिका फाडफाड इंग्रजी बोलते, ती टाटपट्टीवर जंगलातल्या पोरांशेजारी बसणार? शाळा चालवतेस की धर्मशाळा? आपला संग्राम तुझ्याकडे येऊन गेला, तो सांगत होता, त्यातली कुणी कमल तुझ्या घरीच राहते, देवघरातला दिवाही तीच लावते. आपल्या आईच्या देवांपुढे! लाज कशी वाटत नाही? तिला घरातून काढ, मराठीच्या वर्गातूनही काढ. मग कृतिकाला पाठवतो, शब्द देतो. नाहीतर तुझा वर्ग बंद पडला की मी पेढे वाटीन.

कळावे.
दादा

देवास, १ ऑगस्ट

ती. दादांस न. वि. वि. शि. सा. या वेळी नाही.

ऑपरेशनमुळे डोळ्यांवर पट्टी होती, तुमचं पत्र मोठ्यानं वाचून घ्यावं लागलं. वाचणारी कमल होती. धर्मशाळेपाशी मी तिला थांब म्हटलं. तिनं ऐकलं नाही, पेढ्यांपर्यंत सगळं वाचलं. मग पिशवी भरली आणि उदयनगरच्या बसला बसली. गेली पोर, असंच वाटलं. तुमचा इतका राग कधी आला नव्हता.

आणि अहो दादा, अहो भिया, चौदांतून एक काढून कृतिका घातली तरी चौदाच राहतात! एवढं आमच्या सहावीतल्या पोरांनाही कळतं.

तिसऱ्या दिवशी कमल परत आली. सोबत मामेबहीण, आठवीचा दाखला घेऊन. काल पंधरा भरली. कृतिकाला आता यायचं असेल तर टाटपट्टीवर जागा आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.

बकुळा

ता. क. पट्टी अजून सुटलेली नाही. मी सांगितलं, लिहिलं कमलनं. तिलाही तुम्हाला काही लिही म्हटलं. ती म्हणाली, पेढे तेवढे पाठवायला सांगा. पंधरा.