हमरस्त्यालगतची तीन एकर आणि त्रेसष्ट वह्या

मी, आर्डिथ मे केसिंजर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, न्यायाधीश कै. वेल्डन केसिंजर यांची विधवा, राहणार हॅरो क्रीक, ओक्लाहोमा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसे थकली आहेत, डोके थकलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण म्हातारीला भ्रम झाला होता असे म्हणणारे माझ्यामागे निघतील, आणि ते कोण असतील हे मला आजच ठाऊक आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. होते ते पुष्कळ वर्षे होते. आता उतरले आहे.

२०११ साली केलेले माझे मृत्युपत्र, ज्यात मी माझे सर्व काही हॅरो क्रीक शुभवर्तमान मंडळी या आमच्या चर्चला दिले होते, ते रद्द समजावे. ते चर्चचे पाळक रँडल हॅथॉक यांना वाचायला मिळावे म्हणूनच केले होते. त्यांनी ते वाचले आणि डोळे पुसले.

कलम १. या मृत्युपत्राचा अंमल वकील ओटिस फेअरबेर्न यांनी करावा. आमच्या काउंटीत हॅथॉक यांच्या बुधवारच्या न्याहारीला कधीही न गेलेला वकील मला हा एकच सापडला.

कलम २. आम्हांला मूलबाळ नाही. राहते घर विकून येणारी रक्कम काउंटीतल्या स्त्रियांच्या आश्रयगृहाला द्यावी. हे आश्रयगृह उघडू नये म्हणून २०१३ साली मंडळीने काउंटीच्या सभेत चारशे माणसे नेऊन बसवली होती. मीही त्यांत होते. वही घेऊन.

कलम ३. जमीन. माझ्या वडिलांकडून मला आलेली तीन एकर. पूर्वेस हमरस्ता, उत्तरेस ओढा, दक्षिणेस रेल्वेमार्ग, पश्चिमेस मंडळीची इमारत. या इमारतीत तीन हजार माणसे बसतात, आणि हमरस्त्यावरून तिथे पोचायचे तर माझ्याच जमिनीवरून जावे लागते. गाड्याही माझ्याच जमिनीवर उभ्या राहतात. १९९८ साली इमारत बांधायला घेतली तेव्हा मी आनंदाने परवानगी दिली. वेल्डन म्हणाले, दे, पण कागद कर. त्यांनी स्वतः मसुदा लिहिला: ही परवानगी आर्डिथ केसिंजर हयात आहेत आणि त्यांची इच्छा आहे तोवरच. हॅथॉक यांनी न वाचता सही केली आणि हसत म्हणाले, "ताई, आपल्यात कागद कशाला?"

ही तीन एकर मी शॉना बीसली यांना देत आहे. त्यांनी तिथे मका लावावा, घोडे बांधावेत, नाहीतर तशीच ठेवावी. एकच अट आहे. मंडळीला, हॅथॉक यांना किंवा त्यांच्या वतीने येणाऱ्या कोणालाही ती विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि रस्ताही देऊ नये. हॅथॉक कोर्टात जातील. खुशाल जावे. तिथे त्यांना त्यांचीच सही दाखवली जाईल.

शॉना कोण आणि तिला जमीन का, हे लिहून ठेवणे भाग आहे. नाहीतर लोक आपल्या सोयीची कारणे शोधतील.

वेल्डन सोळा वर्षे या काउंटीचे निवडून आलेले न्यायाधीश होते. मी त्यांच्याच कोर्टात लघुलेखक होते, तिथेच आमचे जमले. २००६ च्या वसंतात शॉनाचा खटला त्यांच्यापुढे आला. तिचा नवरा मंडळीच्या गायकवृंदाचा प्रमुख, आवाज मधासारखा. त्याने तिचे मनगट दोनदा मोडले होते. ती दोन मुलांना घेऊन घराबाहेर पडली आणि मुलांचा ताबा मागायला आली. तेव्हा हॅथॉक यांनी वेल्डनना घरच्या पत्त्यावर खाजगी पत्र लिहिले. पत्नीने घर सोडले हे शास्त्राविरुद्ध आहे, मुले बापाकडे राहावीत, आणि नोव्हेंबरात निवडणूक आहे हे बंधू वेल्डन यांच्या ध्यानात असेलच.

कोर्टाबाहेरून असे पत्र आले तर ते दोन्ही बाजूंपुढे ठेवणे न्यायाधीशाला बंधनकारक असते. वेल्डननी ते भर कोर्टात अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले आणि कागदपत्रांत लावून टाकले. मुले शॉनाला दिली. त्या दिवशी हॅथॉक यांनी डूख धरला.

ऑगस्टमध्ये ब्रेंट ओडेल नावाचा तरुण वकील मंडळीत दाखल झाला. सप्टेंबरात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि ऑक्टोबरात तो वेल्डनविरुद्ध उभा होता. चर्चने कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करू नये, करात मिळणारी सूट त्याच अटीवर असते, हे हॅथॉक यांना पाठ आहे. म्हणून व्यासपीठावरून त्यांनी वेल्डनचे नाव एकदाही घेतले नाही. फक्त दर रविवारी घर फोडणाऱ्या न्यायाधीशांवर उपदेश केला, आणि काउंटीत न्यायाधीश एकच होता.

आता माझा भाग. मंडळीत प्रार्थनेची साखळी होती. कोणी आजारी पडले, कोणाचे मूल हरवले, की एक बाई सहाजणींना फोन करायची, त्या सहाजणी पुढच्या सहाजणींना. तासाभरात चारशे घरांत प्रार्थना सुरू. ही साखळी मी उभी केली होती. यादीत पहिले नाव माझे होते. निवडणुकीआधीच्या शनिवारी दुपारी हॅथॉक यांचा फोन आला. संदेश असा होता: न्यायाधीश केसिंजर प्रभूच्या वाटेवरून ढळले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि मंगळवारी ब्रेंट ओडेल यांना विसरू नका.

मी म्हणाले, "पाळकसाहेब, ते माझे यजमान आहेत."

"म्हणूनच, ताई. साखळी तुमच्यापासून सुरू होते. आज ती दुसऱ्या कुणापासून सुरू झाली, तर लोक म्हणतील, आर्डिथताईंनी नवऱ्यापायी प्रभूला बाजूला सारलं. चालेल तुम्हाला?"

मी म्हणाले, "नाही चालणार." आणि मी सहाही फोन केले.

सहाव्या फोनच्या वेळी वेल्डन गॅरेजमधून हात धुवायला आत आले होते. मासेमारीचे रीळ दुरुस्त करत होते, हाताला तेल लागले होते. मी बोलणे संपवेपर्यंत ते नळाशी पाठमोरे उभे राहिले. मग म्हणाले, "नाव तरी नीट घे, आर्डिथ. ओडेल. 'डे'वर जोर असतो." हात पुसले आणि परत गॅरेजमध्ये गेले.

ते तीनशे चाळीस मतांनी पडले. त्या फोनविषयी पुढे ते एक अक्षर बोलले नाहीत. ते रागावले असते तर मी रडले असते, माफी मागितली असती. त्यांनी मला तेवढी जागाही दिली नाही, की मी ती घेतली नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ते दर रविवारी मला गाडीतून चर्चला सोडत. स्वतः आत येत नसत. तिसऱ्या रांगेत अक्रोडासारख्या पेकनच्या झाडाखाली गाडी लावून वर्तमानपत्र वाचत बसत. जानेवारी २००८ मध्ये एका रविवारी मी आत गायकवृंदात गात असताना बाहेर त्या गाडीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. गाड्या लावून देणाऱ्या स्वयंसेवकाला वाटले, न्यायाधीशसाहेबांचा डोळा लागला आहे. प्रार्थनासभा त्या दिवशी पावणेदोन तास चालली.

अंत्यविधी हॅथॉक यांनीच केला. मी नाही म्हणू शकले नाही. राज्याचे सिनेटर पहिल्या बाकावर होते. हॅथॉक शवपेटीवर हात ठेवून म्हणाले, "बंधू वेल्डन दूर गेले होते, पण शेवटी प्रभूच्या दारापाशी परत आले." सगळ्यांनी आमेन म्हटले. मीही म्हटले. ते आमेन तोंडातून बाहेर पडत असतानाच मी ठरवले की मंडळी सोडायची नाही.

तेव्हा शॉना, वेल्डनची गाडी उभी असायची ती जागा पेकनच्या झाडापासून चार पावलांवर आहे. तिथे काही लावू नकोस. गवत वाढू दे.

कलम ४. वह्या. १९९५ पासून दर बुधवारी चर्चच्या तळघरात हॅथॉक यांची न्याहारी असते. बिस्किटे, सॉसेजची ग्रेव्ही, काळी कॉफी. शाळा मंडळापासून राज्यपालपदापर्यंत ज्याला उभे राहायचे असेल तो तिथे येतो. टिपणे घ्यायला मी असे. वेल्डन गेल्यावरही मी जात राहिले. दरवर्षी सुकत चाललेली विधवा कोपऱ्यात बसून खरडते आहे, तिच्यापुढे काय लपवायचे? मी कोर्टाची लघुलेखक आहे, जे बोलले गेले ते शब्दाला शब्द उतरवणे हाच माझा धंदा, हे त्यांच्यातला एकही जण लक्षात ठेवू शकला नाही. हॅथॉक यांना मी पानभर इतिवृत्त देत असे. बाकीचे वहीत राही.

अशा त्रेसष्ट वह्या आहेत. नमुना म्हणून एकच देते. २०१४ सालच्या मार्चमध्ये राज्यपालपदाचे एक इच्छुक आले होते. त्यांनी विचारले, मला काय करावे लागेल? हॅथॉक म्हणाले, "रविवारी वेदीपुढे गुडघे टेका, मी डोक्यावर हात ठेवतो. फोटो निघेल. मग अकरा काउंट्यांतले पाळक माझं ऐकतात. तुमचा शिक्षण विभागाचा माणूस मात्र मी सांगेन तो." ते म्हणाले, "आणि मी विश्वास ठेवणाऱ्यांतला नसलो तर?" हॅथॉक म्हणाले, "गुडघे तर आहेत ना?" सगळे हसले. वहीत 'हशा' असे लिहिले आहे.

सर्व वह्या मी गेल्या चार हिवाळ्यांत टंकून काढल्या आहेत. तीन प्रती फेअरबेर्न यांच्या तिजोरीत आहेत. माझा मृत्यू झाल्यापासून तीन दिवसांत एक प्रत राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, एक वर्तमानपत्राला आणि एक कर खात्याला पोचवावी. मूळ वह्या कोणालाही देऊ नयेत. माझे अक्षर माझेच आहे असे तज्ज्ञाने सांगण्यासाठी त्या लागतील.

कलम ५. ब्रेंट ओडेल, जे आता आमचे न्यायाधीश आहेत, त्यांना मी त्यांचेच एक पत्र परत देत आहे. निवडून आल्यावर त्यांनी साखळीतल्या सगळ्या बायकांना आभाराची पत्रे पाठवली होती. यादीवरून पत्ते लिहिताना त्यांनी आडनावाकडे पाहिले नसावे. 'तुमच्या फोनमुळे हे शक्य झाले' असे खाली सुबक अक्षरात लिहिले आहे. वेल्डननी ते टपालपेटीतून आणून माझ्या ताटाशेजारी ठेवले होते. फेअरबेर्न यांनी ते भर कोर्टात, काम सुरू असताना, ओडेल यांच्या हातात द्यावे.

कलम ६. वेल्डन यांचा लाकडी हातोडा आणि कायद्याची पुस्तके शॉनाची मुलगी केंड्रा हिला. ती यंदा वकील झाली. हातोडा वापरायची पाळी तिच्यावर येवो.

कलम ७. माझी धाकटी बहीण नोव्हेला हिला आईची गोधडी आणि भेंडी तळायची लोखंडी कढई. साखळीत तिचे नाव माझ्यानंतर होते. मी तिला संदेश सांगितला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तू सांगतेस म्हणजे बरोबरच असेल." तिच्यावर माझा राग नाही. तिने माझ्यावर धरला तर तो तिचा हक्क आहे.

कलम ८. अंत्यविधी मंडळीच्या इमारतीत करू नये. जुन्या कोर्टाच्या आवारात करावा. उपदेश नको. हॅथॉक आलेच तर त्यांनी सभा संपेपर्यंत बाहेर गाडीत बसावे. मला वेल्डनशेजारी पुरावे. दगडावर नाव आणि दोन सालेच असावीत. 'प्रिय पत्नी' असे कोरू नये.

कलम ९. गेल्या महिन्यात हॅथॉक पेकनची गोड पाई घेऊन भेटायला आले. नव्या सभागृहाला माझे नाव देणार असल्याचे त्यांनी सांगितले. माझा हात हातात घेऊन प्रार्थना केली, आणि डोळे उघडल्याबरोबर म्हणाले, "ताई, जमिनीचं तेवढं उरकून टाकू या. वेल्डन असते तर त्यांनाही हेच हवं असतं." मी म्हणाले, "पाळकसाहेब, वेल्डनना काय हवं होतं तेच मी लिहायला घेतलंय." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि समाधानाने गेले.

मी अजूनही विश्वास ठेवणारी आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे. रोज सकाळी गुडघे दुखतात तरी टेकते. शत्रूला क्षमा करावी अशी मला आज्ञा आहे. अठरा वर्षे प्रयत्न केला. मरणाच्या दारात खोटे लिहिणार नाही: जमलेले नाही. म्हणून रँडल हॅथॉक यांना क्षमा करण्याचे काम मी प्रभू येशू ख्रिस्तावर सोपवते. ते त्याचे आहे, तो करील. मला क्षमा करण्याचे काम वेल्डनवर सोपवते. ते करतील की नाही, मला माहीत नाही.

वरील सर्व मजकूर मी दोनदा वाचला, एकही शब्द बदलावासा वाटला नाही, आणि दोन साक्षीदारांदेखत सही केली. दोघांपैकी कोणालाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

(सही) आर्डिथ मे केसिंजर

साक्षीदार:
१. (सही) हॉलिस ट्रॅमेल, निवृत्त कोर्ट शिपाई, हॅरो क्रीक
२. (सही) मेरीबेथ कॉइन, परिचारिका, हॅरो क्रीक

स्थळ: हॅरो क्रीक, ओक्लाहोमा
दिनांक: बुधवार, २३ ऑक्टोबर २०२४