दोघांनी खेळायचा गेम

१४ डिसेंबर, रविवार

पुढच्या वर्षी येणाऱ्या गेमांचे व्हिडिओ आलेत. चहा पिता पिता फोनवर सगळे पाहिले. संकेत असताना आम्ही ओरडून घर डोक्यावर घ्यायचो. सासूबाई आतून म्हणायच्या, ‘काय आग लागली काय?’

दीपगृहाच्या गेमचा दुसरा भाग ऑक्टोबरमध्ये येतोय. संकेत याचीच वाट बघत होता. दोघांनीच खेळायचा गेम — एकट्याला त्यात साधं दारही उघडत नाही. पाहिला. कप विसळून ठेवला. काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं बहुतेक.

१६ डिसेंबर

लोकसेवा केंद्रात दिवसभर दाखले. टाइप करायला मन लागत नाही, बोटं लागतात. ती चालतात.

१७ डिसेंबर

एक बाई म्हणाली, ‘मॅडम, आपके पति क्या करते हैं?’ मी म्हटलं, मलाजखंडला खाणीत आहेत, शनिवारी येतात. तोंडातून निघून गेलं. धम्मचक्र दिनाच्या आधी बैहरच्या घाटात संकेतची मोटरसायकल घसरली आणि तो गेला, हे त्या बाईला सांगून काय होणार होतं? तिची पावती दिली. ती गेली.

२१ डिसेंबर, रविवार

रामपायलीहून दुलीचंदमामा आले, आईंचे, म्हणजे सासूबाईंचे भाऊ. आधी संकेतच्या फोटोपुढे हात जोडले. फोटोजवळ मेणबत्ती, पाण्याचा पेला आणि गेमचा रिमोट. संकेतचा जीव होता त्याच्यावर, म्हणून आईंनी तो तिथं ठेवलाय. पण पांढरा रिमोट माझा! त्याचा काळा, तो टीव्हीमागे पडलाय. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, आता काय सांगायचं? येतात ते सगळे माझ्याच रिमोटला हात जोडून जातात. मामांनी तर डोकं टेकवलं. कधीतरी हसू यायला हवं याचं.

जेवण झाल्यावर मामा मला म्हणाले, ‘मित्रा पोरी, घरातलं मानूस घरातच राह्यलं पाह्यजे. अंकित काही वाईट पोरगा नाही. माघी पौर्णिमेले विहारात दोन माळा टाकू, झालं.’

अंकित म्हणजे माझा दीर. आमच्या लग्नात माझी पर्स सांभाळत फिरत होता.

आई ताटं उचलत राहिल्या. आपल्यात होतं असं, मला माहीत आहे. माझी स्वतःची मावशी दिराच्या घरात नांदली, चांगली नांदली. मला राग यायला हवा होता. भांडी घासली.

२२ डिसेंबर

झोप.

२४ डिसेंबर

अंकित दुकानातून लवकर आला. मोबाइल दुरुस्त करतो तो, गुजरी चौकाजवळ. दारातच उभा राहिला. ‘वहिनी, मले कोनी विचारलंच नाही. कसम से.’

मी म्हटलं, मलाही नाही.

मग फोटोकडे बघत म्हणाला, ‘हा रिमोट त तुमचा आहे ना?’

एवढ्या माणसांत एकाला कळलं!

‘आईले सांगू?’

नको म्हटलं.

३१ डिसेंबर

दर वर्षी आज आम्ही येत्या वर्षाचे गेम ठरवायचो. एक त्याचा, एक माझा, एक दोघांचा. त्याला मोटारींचा लागायचा, मला शेतीचा. त्यावरून तो मला चिडवायचा — दिवसभर दाखले काढते, संध्याकाळी कांदे लावते! दोघांच्या गेमवरून मात्र कधी भांडण झालं नाही.

आज मोटारींचा एक बघून ठेवला. उगाच. माझा कुठला, सुचेना.

अंकित येऊन बसला. म्हणाला, जुना दीपगृहवाला लावू का? अर्धा राहिला होता तो. टीव्हीमागून काळा रिमोट काढून त्यानं पुसला. मी फोटोजवळचा उचलला. आई बघत होत्या.

पोरगा बरा खेळतो. दार धर म्हटलं की धरतो, थांब म्हटलं की थांबतो. आणि मला एकदम लक्षात आलं — संकेत असा सरळ चालतच नव्हता! सारखा उड्या मारायचा. जिन्यावर, पुलावर, मी काहीतरी महत्त्वाचं करत असताना माझ्या डोक्यावर. हा पडद्यावरचा माणूस कपडे तेच घालून शहाण्यासारखा माझ्या मागून येत होता. मला बघवेना. बंद कर म्हटलं.

अंकितचं काही चुकलं नव्हतं. त्याला तसं सांगितलं. हेही सांगितलं की मी त्याच्याशी लग्न करणार नाही, कधीच नाही. तो ‘हौ’ म्हणाला. मोठ्ठा श्वास सोडला त्यानं.

१ जानेवारी

आता माहेरी जावं लागेल. राजेगावला बाबांच्या घरी पुढची खोली रिकामी आहे. नाही म्हटल्यावर इथं कुठल्या तोंडानं राहायचं? बॅग काढली. टीव्ही इथलाच, तो राहील. गेमचं काय करू? ठरवता येत नाही. बॅग परत ठेवली.

३ जानेवारी

आईंना सांगायचं होतं. त्यांनी पोहे केले. खाल्ले.

४ जानेवारी, रविवार

मामांना फोन केला. लग्न नाही म्हटलं. आणि माझं आयुष्य परस्पर ठरवणारे तुम्ही कोण, असंही म्हटलं. आवाज चढला माझा!

मामा म्हणाले, ‘माह्यावर काहून चिडतं पोरी? मी त नाहीच म्हनत होतो. तुह्या सासूनंच हट्ट धरला.’

आई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, का? मान वर न करता म्हणाल्या, ‘तू निघून गेली त मी संकेतच्या गोष्टी कोनासंग करू?’

मी खाली बसले. म्हटलं, लग्न नाही करत, आणि जातही नाही कुठं. एक जुडी पुढ्यात ओढली. आणि मग रडू आलं — मेलं, इतक्या दिवसांनी, मेथी निवडताना!